माणसाआधी उडालेली विमाने



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर किंवा गिरण्यांच्या इतिहासावर बोलू, अशीच त्यांची अपेक्षा असणार. आम्ही विषय कळविला तो मात्र हवेचे नियम शोधण्यासाठी बांधलेल्या, वैमानिकाविना उडणाऱ्या छोट्या विमानांचा. चिटणिसांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचा संशय रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढे जे काही शिकलो ते दिवसा लेथवर आणि संध्याकाळी वस्तीतल्या मोफत वाचनालयात. विमानात आम्ही आयुष्यात तीन वेळा बसलो, आणि तिन्ही वेळा युनियनच्या कामासाठी. तेव्हा हा विषय आमच्या वाट्याला कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे.

आम्ही तरुणपणी ज्या कारखान्यात होतो, तेथे पत्रा कापण्याचे एक नवे प्रेस आले. ते आधी रिकामे चालवून पाहावे, मग लाकडाची फळी घालून पाहावे आणि त्यानंतरच माणूस बसवावा, असे आमच्या खात्यातल्या जुन्या फिटरचे म्हणणे होते. मालाची निकड होती; त्याचे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या पाळीत एका बावीस वर्षांच्या पोराची उजव्या हाताची तीन बोटे गेली. पुढे रीतसर चौकशी झाली. संरक्षक जाळी आणखी खाली बसवायला हवी होती, हे या अपघातावरून लक्षात आले, असे त्या कागदावर लिहिले होते. 'लक्षात आले' हे दोन शब्द आमच्या डोक्यातून आजवर गेलेले नाहीत. ज्ञान झाले हे खरे. पण तेच ज्ञान फळीकडूनही मिळाले असते.

हा काटा मनात असतानाच विमानविद्येच्या इतिहासाची काही पुस्तके आमच्या हाती पडली. आमची अशी समजूत होती की विमानाचा इतिहास म्हणजे छातीठोक वीरांचा इतिहास. कोणी कड्यावरून उडी घेतली, कोणी पडला, कोणी तरला. वाचता वाचता दिसू लागले की त्या वीरांच्या मागे दुसरी एक मूक परंपरा चालत आली आहे. लाकूड, कापड, रबर आणि पत्रा यांची लहान विमाने आधी पाठवायची, ती पडू द्यायची, का पडली ते मोजायचे, आणि मग माणसाने जायचे, अशी ती परंपरा. म्हणजे आमच्या फिटरची फळीच ती! आज आम्ही तिचीच हकीकत सांगणार आहोत.

हिचा आरंभ इंग्लंडातल्या यॉर्कशायर परगण्यात होतो. जॉर्ज केली हा तेथला एक जमीनदार. पक्ष्याप्रमाणे पंख फडफडवून माणूस उडेल हे वेड तोवर सगळ्यांना होते. केलीने प्रथम दोन कामे निराळी केली: वर उचलून धरण्याचे काम स्थिर पंखाने करावे आणि पुढे नेण्याचे काम दुसऱ्या साधनाने. आजचे प्रत्येक प्रवासी विमान याच विचारावर उडते. परंतु केली विचारावर थांबला नाही. १८०४ साली त्याने एक काठी घेतली, तिच्यावर पतंगासारखा पंख तिरपा बसविला, मागे हवी तशी वळवता येईल अशी शेपटी लावली, आणि तोल साधण्यासाठी पुढेमागे सरकवता येईल असे वजन ठेवले. हे छोटे यान तो टेकडीवरून सोडी, शेपटी थोडी वळवी, वजन सरकवी, आणि पुन्हा सोडी. त्याच वर्षी त्याने फिरत्या दांडीच्या टोकाला पंखाचा तुकडा बांधून त्याला हवा किती उचलते तेही मोजले. हवेला प्रश्न विचारायचा, तिचे उत्तर वहीत उतरवायचे आणि प्रश्न बदलून पुन्हा विचारायचा, ही रीत येथे सुरू झाली.

आता याच केलीची दुसरी गोष्ट ऐका. १८५३ साली, म्हातारपणी, त्याने माणूस वाहून नेईल एवढे मोठे यान बांधले आणि त्यात आपल्या गाडीवानाला बसविले, असे त्याच्या नातीने पुढे सांगितले आहे. यान दरी ओलांडून गेले आणि आदळले. गाडीवान बाहेर आला तो थेट धन्यापुढे उभा राहिला, आणि आपल्याला गाडी हाकायला नोकरीवर ठेवले आहे, उडायला नव्हे, असे सांगून त्याने राजीनामा दिला! ही हकीकत नातीच्या आठवणीतली असल्याने तिचा प्रत्येक शब्द आम्ही शपथेवर सांगणार नाही. परंतु कामाच्या शर्तीत नसलेल्या जोखमीबद्दल नोंदविलेली ही विमानविद्येतली पहिली तक्रार म्हणावयास हरकत नाही. धनी मोठा शास्त्रज्ञ होता आणि मनाने दुष्टही नव्हता. तरीही यानात बसला तो गाडीवान, हे आम्ही विसरू नये.

केलीनंतरची माणसे पाहू. सॉमरसेटमधल्या चार्ड या गावी जॉन स्ट्रिंगफेलो लेस विणण्याच्या यंत्रांचे सुटे भाग बनवी. आमच्या गिरणी कामगार मित्रांना बॉबिन म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. तो बॉबिन करणारा कारागीर. दहा फूट पसरलेल्या पंखांचे आणि वाफेच्या इवल्याशा एंजिनाचे विमान त्याने १८४८ साली बांधले आणि एका गिरणीच्या लांब दालनात तारेवरून सोडून पाहिले. तार सोडल्यावर ते स्वतःच्या बळावर कितपत उडाले, याविषयी जाणकारांत वाद आहे. एंजिनाविषयी वाद नाही. १८६८ सालच्या लंडनच्या प्रदर्शनात त्याच्या हलक्या एंजिनाला शंभर पौंडांचे बक्षीस मिळाले.

फ्रान्समधल्या आल्फोन्स पेनोने वाफही सोडून दिली. पिळलेले रबर हेच त्याचे एंजिन. १८७१ च्या ऑगस्टात पॅरिसच्या त्यूलरी बागेत जमलेल्या मंडळींसमोर त्याने हातभर लांबीचे विमान सोडले, आणि ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर सरळ गेले. आज हे खेळणे जत्रेत मिळते. त्या दिवशी मात्र ते खेळणे नव्हते. मागच्या लहान पंखाला किंचित निराळा कोन दिला, तर डोलणारे विमान आपले आपण सावरते, हे त्याने दाखवून दिले. पेनो तिसाव्या वर्षी, १८८० साली, निराश होऊन आत्महत्या करून गेला. रबराचे विमान मागे राहिले, आणि त्याने शिकविलेला धडाही.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा लॉरेन्स हारग्रेव्ह याच पंथाचा. त्याने रबरावर आणि कोंडलेल्या हवेवर चालणारी विमाने एकामागून एक केली, पेटीसारखा पतंग शोधून काढला, आणि १८९४ च्या नोव्हेंबरात समुद्रकिनारी चार पतंगांना लटकून स्वतः सोळा फूट वर गेला. आम्हांला त्याचा विशेष आदर वाटतो तो दुसऱ्या कारणासाठी. त्याने एकाही शोधाचे पेटंट घेतले नाही. जे फसले आणि जे साधले, ते दोन्ही छापून जगापुढे ठेवले.

येथवर जे झाले त्याला पूर्णत्व आणले ते अमेरिकेतल्या सॅम्युएल लँग्लीने. या गृहस्थाचे शिक्षण हायस्कुलाच्या पुढे गेले नव्हते. खगोलशास्त्र तो स्वतःच्या कष्टाने शिकला आणि वेधशाळेचा प्रमुख झाला. पुढे तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा चिटणीस, म्हणजे सर्वाधिकारी झाला. वेधशाळेत असतानाच त्याने तीस फूट भुजेचे फिरते चक्र वाफेवर चालवून पंखांवरचा हवेचा दाब मोजला होता. त्यानंतर रबराची विमाने झाली, आणि मग वाफेच्या विमानांची पाळी आली. त्यांना त्याने नाव दिले 'एरोड्रोम'. आपण विमानतळाला तो शब्द वापरतो. त्याने तो विमानालाच वापरला.

पहिली एरोड्रोमे उडालीच नाहीत. शून्य ते तीन क्रमांकांची विमाने टाकून द्यावी लागली. कधी एंजिन जड झाले, कधी सांगाडा दुबळा ठरला, कधी पंख वाऱ्याने पिळवटले. चौथे मोडून, सुधारून सहावे केले. ही मोडतोड वर्षानुवर्षे चालली होती, आणि ती करणारे हात कारखान्यातल्या कारागिरांचे होते. अखेर १८९६ च्या मे महिन्याची ६ तारीख उजाडली. पोटोमॅक नदीत एक घरबोट उभी होती. तिच्या छपरावरून पाचवे एरोड्रोम सोडले. वजन सुमारे अकरा किलो, पंखांचा पसारा चार मीटरांहून थोडा जास्त, आणि एंजिन एका अश्वशक्तीचे. ते वर चढले, गोल घिरट्या घालीत गेले, आणि पाणी-वाफ संपताच हळूच नदीवर उतरले. ते सुमारे एक हजार मीटर गेले होते. त्याच दिवशी दुसरे उड्डाण सातशे मीटरांचे झाले, आणि नोव्हेंबरात सहाव्या एरोड्रोमने जवळजवळ दीड किलोमीटर मजल मारली. टेलिफोनचा शोध लावणारा ग्रॅहॅम बेल पहिल्या दिवशी हजर होता. त्याने उडत्या विमानाचे छायाचित्र घेतले आणि आपली साक्ष छापून प्रसिद्ध केली. हवेहून जड असे एंजिनाचे यान दीर्घकाळ उडू शकते की नाही, हा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला. कोणाच्या अंगावर ओरखडाही आला नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात जर्मनीत काय घडले ते याच्या शेजारी ठेवून पाहा. ओटो लिलिएन्थाल हा थोर प्रयोगकर्ता पंख अंगाला बांधून टेकडीवरून तरंगत असे. अशी दोन हजारांच्या घरात उड्डाणे त्याने केली होती. पंखांची मोजमापेही त्याने फार काळजीपूर्वक केली होती. परंतु तोल कसा सावरावा, हा प्रश्न तो स्वतःच्या देहाने सोडवीत होता. ९ ऑगस्टला वाऱ्याच्या झोताने त्याचे यान उलटले, आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा अंत झाला. तीन वर्षांनी इंग्लंडात पर्सी पिल्चर तसाच गेला. या वीरांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु लँग्लीची चार विमाने भंगारात गेली तेव्हा त्याने पाचवे बांधले, आणि लिलिएन्थाल एकदाच पडला, हा फरक डोळ्यांआड करून कसे चालेल?

आता आमच्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा मांडतो. तो मांडला नाही तर ते व्याख्यान नव्हे, प्रचार ठरेल. लँग्लीला छोट्या विमानाने यश दिले आणि त्याच यशाने पुढे फसविले. सरकारने पन्नास हजार डॉलर दिल्यावर त्याने माणूस नेणारे मोठे एरोड्रोम बांधले. त्याआधी चौथाई मापाची प्रतिकृतीही उडवून पाहिली. मग १९०३ च्या ७ ऑक्टोबरला आणि ८ डिसेंबरला मोठे विमान सोडले. दोन्ही वेळा ते सरळ नदीत गेले. चार्ल्स मॅन्ली हा तरुण एंजिनियर आत होता, आणि डिसेंबरच्या बर्फगार पाण्यातून तो थोडक्यात वाचला. वर्तमानपत्रांनी लँग्लीची फार टवाळी केली. १९०६ साली तो वारला.

असे का झाले? लहानाचे मोठे करणे म्हणजे नुसता गुणाकार नव्हे. एखादे विमान चौपट लांब केले, तर पंखांचे क्षेत्रफळ सोळापट होते. पण तेच लाकूड, तोच पत्रा त्याच प्रमाणात वापरला तर वजन चौसष्टपट होते. छोट्यात जी काडी भक्कम वाटते, ती मोठ्यात वाकते. दुसरी अडचण हवेच्या स्वभावाची. मँचेस्टर हे कापड गिरण्यांचे शहर. तेथल्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने १८८३ साली काचेच्या नळीतून रंगीत पाण्याची धार सोडून दाखविले की प्रवाह केव्हा शांत वाहतो आणि केव्हा घुसळतो, हे वेग, आकार आणि पदार्थाचा चिकटपणा या सर्वांवर मिळून ठरते. म्हणजे चिमणीएवढ्या पंखाला हवा जणू दाट लागते आणि घराएवढ्या पंखाला पातळ. छोटे विमान खोटे बोलत नाही. पण आपण त्याला जेवढे विचारले तेवढ्याचेच उत्तर ते देते. लँग्लीच्या प्रतिकृतीने 'उडता येते' एवढे सांगितले होते. मोठा सांगाडा टिकेल काय, आणि आत बसलेला माणूस ते यान वळवील कसे, हे तिला नीट विचारलेच नव्हते.

हे प्रश्न ज्यांनी विचारले ते राइट बंधू. हे सायकलींचे दुकान चालविणारे. दोघांपैकी एकाकडेही हायस्कूल पुरे केल्याचा दाखला नव्हता. त्यांनी १८९९ साली प्रथम पाच फुटांचा पतंग केला, तो फक्त एका प्रश्नासाठी: पंख पिळून यान डावी-उजवीकडे कलते काय? १९०० साली किटी हॉकच्या वाळूत मोठे यान नेले, तेही बहुतेक वेळ दोरीला बांधून, रिकामे किंवा वजन ठेवून उडविले, आणि दोरीवरचा ताण काट्याने मोजला. उत्तरे हिशेबाशी जुळेनात, तेव्हा १९०१ साली लाकडी पेटीत वाऱ्याचा बोगदा करून पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले. त्यांच्या दुकानातल्या चार्ल्स टेलर या मेकॅनिकने सहा आठवड्यांत एंजिन घडविले. लँग्लीच्या दुसऱ्या अपयशानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, ते उडाले. राइटांनी लहान यानांना मोठ्यांचे चित्र मानले नाही. एकेका यानाला एकेक प्रश्न नेमून दिला.

सभ्य गृहस्थहो, आता आपल्या घरातली एक गोष्ट. तिच्याविषयी गप्प बसलो तर सभा संपल्यावर कोणीतरी विचारणारच. १८९५ साली, म्हणजे लँग्लीच्या आधी एक वर्ष, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी 'मरुत्सखा' नावाचे वैमानिकाविना उडणारे विमान शेकडो फूट वर नेले, असे आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितले जाते. तळपदे ही खरी व्यक्ती होती. त्यांची जिज्ञासा आणि जिद्द वंदनीय आहे. परंतु त्या उड्डाणाचे छायाचित्र नाही, अंतर आणि वेळ मोजल्याची नोंद नाही, पुन्हा बांधून पाहता येईल असा आराखडा नाही. ज्या ग्रंथाचा आधार या संदर्भात सांगतात, त्या 'वैमानिक शास्त्रा'तली याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी करून प्रसिद्ध केला आहे.

हे बोललो म्हणून आमच्या देशाभिमानावर कोणी शंका घेईल, तर घेवो. आम्ही आयुष्यभर कामगारांची बाजू कोर्टात मांडली आहे. न्यायाधीशापुढे 'असे म्हणतात' चालत नाही. हजेरीपट, पगारपत्रक, साक्षीदार लागतो. जो नियम आम्ही मालकाला लावतो, तो आमच्या आवडत्या गोष्टीलाही लावला पाहिजे. लँग्लीचे श्रेय विमान उडाले एवढ्यात नाही. न उडालेल्या विमानांचीही नोंद त्याने ठेवली, यात ते आहे. पडल्याची नोंद नसेल, तर उडाल्याची नोंद कोण मानील?

विमाने उडू लागल्यावर छोट्या विमानांचे काम संपले असे वाटेल. उलट ते वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विमाने ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचली, आणि तेथे हवेचे वागणे अचानक बदलते असे आढळले. विमान थरथरते, सुकाणू जड होते. वाऱ्याच्या बोगद्यात पाहावे तर त्या वेगाला बोगद्यात वारा कोंडे आणि मोजमापे निरुपयोगी होत. तेव्हा १९४५ पासून अमेरिकेत व्हर्जिनियाच्या वॉलप्स बेटावरून अग्निबाणांवर बसविलेल्या लहान प्रतिकृती उडविल्या जाऊ लागल्या. त्यांत ठेवलेली उपकरणे दाब आणि वेग यांचे आकडे रेडिओने खाली कळवीत. प्रतिकृती समुद्रात जाई. आकडे किनाऱ्यावर राहत.

इंग्लंडात याच सुमारास एक विचार करण्याजोगी घटना घडली. ध्वनीहून वेगवान असे माइल्स एम-५२ हे विमान बरेचसे बांधून झाले असता सरकारने १९४६ च्या आरंभी ते रद्द केले. खर्चाचे कारण होतेच. परंतु अशा विमानात वैमानिक बसविण्याचे आमचे मन होत नाही, म्हणून रेडिओने चालणाऱ्या प्रतिकृती करू, अशा अर्थाचे निवेदन सर बेन लॉकस्पायझर या सरकारी शास्त्रज्ञाने केले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला जेफ्री डी हॅव्हिलंड हा तरुण वैमानिक दुसऱ्या एका वेगवान विमानाची चाचणी घेत असता ते हवेत मोडून मरण पावला. म्हणजे भीती निराधार नव्हती. प्रतिकृतींचे पुढे काय झाले? आधीचे प्रयत्न फसले. १० ऑक्टोबर १९४८ रोजी त्यांतली एक ध्वनीच्या १.३८ पट वेगाने गेली आणि अटलांटिकवर दिसेनाशी झाली. पण तोवर जवळजवळ वर्ष उलटत आले होते; अमेरिकेत चक येगर याने १४ ऑक्टोबर १९४७ लाच माणसासह ध्वनिवेग ओलांडला होता. पुष्कळ इंग्रज आजही या निर्णयाला भ्याड म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही. आमचा आक्षेप उलटा आहे. माणसाचा जीव वाचवायचा ठरल्यावर त्याच्या जागी जे पाठवायचे, त्यासाठी वेळ आणि पैसा सढळ हाताने दिला पाहिजे. सुरक्षिततेचे भाषण करून तिच्यावर काटकसर करणे, हे आम्ही कारखान्यात फार पाहिले आहे.

याचे चांगले उदाहरण पुढे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या संशोधन केंद्रात दिसते. तेथल्या डेल रीड या एंजिनियराने १९६२ साली, पंखांविना केवळ पोटाच्या आकारावर तरंगणाऱ्या यानाची प्रतिकृती घरी बनविली, ती दुसऱ्या रेडिओच्या खेळण्यातल्या विमानाने ओढून उंच नेली आणि सोडली. त्याच्या बायकोने छोट्या कॅमेऱ्याने चित्रपट घेतला. तो पाहून वरिष्ठांनी मोठ्या यानाला संमती दिली. पुढे १९७३ साली अमेरिकेचे एफ-१५ हे लढाऊ विमान नवे असताना प्रश्न आला की ते भोवऱ्यासारखे गिरक्या घेत कोसळू लागले तर सावरेल काय? हा प्रयोग माणूस बसवून करणे म्हणजे मरणाशी जुगार. म्हणून तीन-अष्टमांश मापाची प्रतिकृती केली. खऱ्या विमानाला अडुसष्ट लाख डॉलर पडत, प्रतिकृतीला सुमारे अडीच लाख. मोठ्या विमानाच्या पंखाखालून तिला उंचावर सोडत, आणि जमिनीवर बसलेला अनुभवी वैमानिक पडद्याकडे पाहत रेडिओने चालवी.

अशी प्रतिकृती घडविणे किती नाजूक काम आहे पाहा. नुसता आकार जुळून भागत नाही. वजन कोठे किती, गुरुत्वमध्य कोठे, नाकाशी आणि पंखाच्या टोकाशी किती भार, हे सर्व प्रमाणात जुळले तरच ती खऱ्यासारखी गिरकी घेते. शिवाय लहान वस्तूची हालचाल झपाट्याची. खऱ्या विमानाला ज्या हेलकाव्यास पाच सेकंद लागतील, त्यास या प्रतिकृतीला जेमतेम तीन लागतात. चालविणाऱ्याला तेवढ्यातच विचार करावा लागतो. चाचणीच्या वेळी एनार एनेव्हॉल्डसन या वैमानिकाची नाडी तपासली, तेव्हा तो जमिनीवर खुर्चीत सुरक्षित असूनही ती आकाशातल्या नेहमीच्या चाचण्यांपेक्षा कितीतरी जलद चाललेली आढळली. हे वाचून आम्हांला त्या माणसाविषयी आपुलकी वाटली. जीव धोक्यात नव्हता, तरी काम त्याने जिवावरचे समजूनच केले.

आपल्या देशातही ही परंपरा आज चालू आहे. अवकाशात जाऊन विमानासारखे परत उतरणारे यान बांधण्याआधी आपल्या अवकाश संशोधन संस्थेने साडेसहा मीटर लांबीचे, पावणेदोन टनांचे पंखयुक्त यान केले. २३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून ते अग्निबाणावर चढून सुमारे पासष्ट किलोमीटर उंच गेले, ध्वनीच्या पाचपट वेगाने हवेत परतले आणि बंगालच्या उपसागरात उतरले. २ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकातल्या चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन असेच यान सोडले, आणि ते आपले आपण धावपट्टीवर उतरले. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जूनमध्ये मुद्दाम वाट चुकवून सोडून पुन्हा तपासले. यश एकदा मिळाल्यावर यानाला अधिक कठीण प्रश्न विचारायचा, हे लँग्लीकडून जे राहून गेले ते येथे झाले. चौपाटीच्या कथेपेक्षा या नोंदींचा आम्हांला अधिक अभिमान वाटतो, कारण या तपासून पाहता येतात.

एक गोष्ट सांगितल्यावाचून समारोप करणे अप्रामाणिकपणाचे होईल. वैमानिकाविना विमान म्हटले की आज लोकांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येत नाही. घरांवर बॉम्ब टाकणारे यंत्र येते. चालविणाऱ्याचा जीव वाचविण्याची हीच युक्ती समोरच्याचा जीव घ्यायला वापरली जाते. हत्यार आणि हत्यारी यांतला भेद कामगाराला शिकवावा लागत नाही. छिन्नीने मूर्तीही घडते आणि खूनही होतो. म्हणूनच या विद्येचा जन्म कशासाठी झाला, हे आम्ही आग्रहाने सांगत आहोत.

आमच्या खात्यातला तो फिटर आता हयात नाही. त्याने केलीचे किंवा लँग्लीचे नाव कधी ऐकले नसावे. पण आधी रिकामे चालवा, मग फळी घाला, मग माणूस बसवा, हे तो ज्या तीन पायऱ्यांनी सांगे, त्याच पायऱ्यांनी विमानविद्या वर चढली. जेथे ती पायरी गाळली तेथे माणूस पडला. त्या बावीस वर्षांच्या पोराला पुढे हलके काम मिळाले, नुकसानभरपाई मिळायला चार वर्षे लागली. आज तो सभेला येणार होता. आला असल्यास मागच्या रांगेत असेल. आपल्यापैकी कोणी कारखान्यात, शेतात, दवाखान्यात किंवा बांधकामावर नवे यंत्र आणणार असेल, तर पहिल्या दिवशी त्याच्यापुढे कोण उभे राहणार आहे, एवढे विचारून घ्यावे.